मऊ पायाचे मास्तर

मास्तरांचा वैताग तोंडात येण्याआधी पायात येई. शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक अशी दोन पॅडलं असतात. त्यांच्यावर पावलं ठेवायची नाहीत, तरंगत धरायची, आणि समोरून ट्रक आला की खाली आणायची. हेच त्यांनी जन्मभर केलं. तिसरं पॅडल, रेसचं, त्यांच्या बाजूला नव्हतं. ते फक्त शिकणाऱ्याकडे. म्हणजे गाडी थांबवणं मास्तरांच्या अखत्यारीत होतं, चालवणं नव्हतं. असा माणूस वैतागेल नाही तर काय करेल?

त्यांची बायको, जिला सगळे थोरली म्हणत, सांगायची की हे जेवतानासुद्धा टाचा उचलून बसतात. मी वाढताना हात जोरात फिरवला तर टेबलाखाली ब्रेक दाबतात.

शिकवायचं मोटारीचं, पण मास्तरांना कौतुक मोटारीचं नव्हतं, पायाचं होतं. स्टिअरिंग कुणालाही येतं, गिअर माकडालाही शिकवता येतात, असं ते म्हणत. माणूस कळतो तो रेसवर पाय कसा ठेवतो त्यावरून. "दाबू नकोस, ठेव. झोपलेल्या पोराच्या पांघरुणावर हात ठेवतोस ना, तसा." नवा विद्यार्थी आला की पहिले कितीतरी दिवस फक्त हेच: क्लच हळूच वर, रेस हळूच खाली, गाडी सरकली पाहिजे, निघाली असं वाटता कामा नये. त्यांच्या हाताखालून गेलेला ड्रायव्हर मागच्या सीटवर डोळे मिटून ओळखता येतो, अशी गावात ख्याती होती. या ख्यातीवरच त्यांचं एका खोलीचं ऑफिस, छपरावर पाटी लावलेली जुनी पांढरी गाडी आणि घर चाललं होतं.

त्या गाडीला उचकी लागली.

सुरुवातीला कुणाला कळलंच नाही की हे दुखणं गाडीचं आहे. सिग्नल सुटे, विद्यार्थी शिकवल्याप्रमाणे अलगद पाय ठेवे, गाडी पुढे सरकायला लागे आणि मध्येच इंजिन श्वास घेऊन सोडायचं विसरल्यासारखं गप्प होई. बॉनेट खाली झुके. डॅशबोर्डवरच्या काट्याने मान टाकलेली असे. कधी इंजिन पुन्हा सावरे, कधी चौकाच्या मधोमध मरून जाई. मागे हॉर्नचा गदारोळ.

"पाय काढलास!"

"नाही काढला, मास्तर."

"मग गाडीने काढला का? गाडीला पाय आहेत?"

या विषयावर मास्तरांचं एक ठाम मत होतं. माणूस खोटं बोलतो, गाडी बोलत नाही. गाडी जे करते ते तुमच्या पायाने तिला सांगितलेलं असतं. त्यामुळे उचकी आली की चूक कुणाची हे आधीच ठरलेलं असे. एक शिंपी त्यांच्याकडे शिकायला येत होता. त्यालाही मास्तरांनी हेच ऐकवलं. शिंप्याने गाडी कडेला घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "मास्तर, माझा पाय उभा जन्म मशीनच्या पॅडलवर गेलाय. धागा न तोडता थांबवतो मी. हा पाय काढलेला मला कळणार नाही?" दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मास्तर म्हणाले, अहंकार फार आहे त्याला.

पण उचक्या वाढल्या. सगळ्यांनाच येऊ लागल्या, शहाण्यांना, वेंधळ्यांना, भित्र्यांना. मग मास्तरांनी एकदा स्वतः गाडी घेऊन गावाला वळसा घातला. काही नाही. पुन्हा घातला. गाडी देवासारखी चालली. ते आणखीनच वैतागले. चोराने आपल्यासमोर साधू व्हावं तसा प्रकार होता.

गाडी साडूकडे गेली. साडू म्हणजे थोरलीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पुलाजवळ त्याचं गॅरेज. गाडी आपल्या माणसाकडे दिली की निम्मी कटकट वाचते असं लोक म्हणतात. ते लोक साडूकडे कधी गेलेले नसतात. त्याने प्लग बदलले. फाटकापर्यंत चक्कर मारून आला आणि म्हणाला, "घ्या. लोणी झालंय." दुसऱ्या दिवशी लोण्याला उचकी आली. मग हवेचा फिल्टर, मग पेट्रोलचा फिल्टर, मग इंजिनात हवा सोडणारं, रेसचं दार म्हणतात ते उघडून त्यातली काजळी साफ केली. पेट्रोलचा पंप तपासला. रबरी नळ्या एकेक वाकवून चीर शोधली. प्रत्येक वेळी चक्कर मारायला तो स्वतः जाई, आणि प्रत्येक वेळी येऊन तेच. लोणी.

"मास्तर, गाडीला काही झालेलं नाही. तुमच्या शिष्यांना झालंय."

"शिष्यांना एकदम साथ आली का?"

"येते कधीकधी. गुरूकडून लागण होते."

"तुझ्या हाताला काय झालंय ते बघ आधी. आणि तो कॉम्प्युटर लाव ना गाडीला. दुकानात शोभेला ठेवलाय का?"

"लावला. काहीच दाखवत नाही. काही बिघडलं असतं तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला असता. लागला का दिवा? नाही ना?"

"गाडी मधोमध बंद पडते, अजून दिवा कशाला पाहिजे?"

हे असं कितीही वेळ चालू शकलं असतं. दोघांनाही त्यात एक प्रकारची सवयीची ऊब होती. पण मध्ये धाकटी होती.

धाकटी, म्हणजे साडूची बायको, एका प्रयोगशाळेसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. आजारी, म्हातारी, अंथरुणाला खिळलेली माणसं, त्यांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, नळी भरायची, आणि नळ्यांचा गार डबा मांडीवर घेऊन दोन बस बदलून परत यायचं. आता प्रयोगशाळेने नदीपलीकडच्या भागासाठी एक छोटी गाडी घेतली होती. लायसन्स असेल तिला तो भाग आणि ती गाडी. धाकटीचा अनुभव सगळ्यांत जास्त, लायसन्स तेवढं नव्हतं. टेस्टमध्ये ती दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा चढावर. इन्स्पेक्टर म्हणे थांबवा, ती थांबवी. इन्स्पेक्टर म्हणे निघा, ती शिकवल्याप्रमाणे अलगद पाय ठेवी, आणि गाडी उचकी देऊन मरे. आता सोमवारी तिसरी टेस्ट. त्यात झालं नाही तर गाडीची किल्ली दुसरीच्या हातात जाणार, हे प्रयोगशाळेच्या बाईंनी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी मास्तर तिला सरावाला घेऊन निघाले आणि पुलावर गाडी तीन वेळा बंद पडली. मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी नुसते आपले पाय पॅडलांवरून मागे घेतले, ते जास्त वाईट होतं. धाकटीने गाडी तशीच गचके खात नवऱ्याच्या गॅरेजमध्ये नेली आणि दार आपटलं.

"घ्या तुमची गाडी. आणि भावोजी, तुमचा तो मऊ पायही घ्या."

साडू हात पुसत आला. "काय झालं?"

"काय व्हायचंय? तुझं लोणी नासलं," मास्तर म्हणाले.

साडू स्टिअरिंगवर बसला, फाटकापर्यंत गेला, परत आला, खाली उतरला. "व्यवस्थित आहे."

धाकटी हसली. ते हसणं ऐकून साडूने फडकं खाली ठेवलं.

"अहो, जरा ऐकता? मी पाय हळूहळू खाली नेते ना, तर एका जागी खाली काहीच नसतं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं होतं. थोडं अजून खाली नेलं की पुन्हा पायरी लागते. पण तोवर गाडी गेलेली असते."

"पॅडलमध्ये पायरी कशी असेल?" साडू म्हणाला.

"आधीच्या खेपेलाही मी तुम्हाला हेच सांगितलं. तुम्ही म्हणालात, झोप आता."

बाजारातून परतताना थोरली तेवढ्यात बहिणीला बघून थांबली होती. पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "तुम्ही दोघांनी मिळून गाडीचं सगळं उघडून बघितलं. जिच्या पायाखाली बंद पडते, तिच्या शेजारी एकदा बसलात का? भावोजी, तुम्हाला विचारतेय."

साडू बसला नव्हता. बायको गाडी शिकायला लागल्यापासून तो एकदाही तिच्या शेजारी बसला नव्हता. आपल्या गळ्यावर दुसऱ्याच्या हातातला वस्तरा, असं तो म्हणायचा. आता मेहुणीसमोर पळवाट नव्हती. तो बाजूच्या सीटवर बसला, मास्तर मागे. धाकटीने गाडी गल्लीत काढली, थांबवली, आणि पुन्हा अलगद पाय ठेवला. बॉनेट झुकलं. उचकी.

"पाय काढलास," साडू लगेच म्हणाला.

"वाका आणि बघा."

"काय?"

"खाली वाका आणि माझ्या पायाकडे बघा. मी पुन्हा करते."

साडूने नाइलाजाने स्टिअरिंगखाली डोकं घातलं. गल्लीतून जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. मागच्या सीटवरून मास्तरांना राहवलं नाही. "पडलास एकदाचा बायकोच्या पाया."

धाकटीने पुन्हा केलं. इंजिन गप्प झालं, सावरलं. पुन्हा केलं. या वेळी मेलं. साडू बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा पाण्यात पाय घातलेल्या मांजरासारखा होता.

"पाय काढत नाही ती," तो म्हणाला. "पाय खालीच जातोय, आणि इंजिन बसतंय."

पुढचं काम लवकर झालं. इंजिनावर, रेसच्या दाराच्या कडेला, आगपेटीएवढी एक काळी डबी असते. पॅडल किती दाबलंय ते ती इंजिनाला सांगते, आणि त्या हिशेबाने पेट्रोल पडतं. साडूने त्या डबीच्या तारांना काट्याचा मीटर लावला, इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली आणि बायकोला म्हणाला, "दाब. तुझ्या पद्धतीने."

धाकटीने पाय खाली नेला. काटा हळूहळू चढला, थोडा चढला, आणि एका जागी एकदम शून्यावर पडला. मग पुन्हा वर उडाला आणि चढत राहिला.

काटा पडताना आवाज होत नाही, पण सगळ्यांनी तो ऐकला.

"सर, मी बघतो," साडू म्हणाला. त्याला बाजूला हो म्हणायचं होतं, पण शाळेतल्या सरांना हाक मारावी तसं 'सर' निघालं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तो स्टिअरिंगवर बसला, पॅडल दाबलं. काटा सरळ वर गेला. कुठेच पडला नाही. पुन्हा दाबलं, जमेल तेवढं सावकाश. सरळ वर. "मास्तर, तुम्ही बघा." मास्तर बसले. अख्ख्या गावाला हळू दाबायला शिकवणारे मास्तर. त्यांनी ओठ आवळून, श्वास धरून पाय खाली नेला, आणि त्या जागेपाशी आल्याबरोबर पाय आपोआप पुढे निसटला. काटा पडलाच नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. मास्तरांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं, कुणा परक्या माणसाच्या पायाकडे बघावं तसं. इतकी वर्षं ज्याला ते हळू म्हणत होते ते हळू नव्हतंच. सराईत पाय खड्डा दिसायच्या आत ओलांडतो आणि मालकाला सांगत नाही. खड्ड्यात पाय ठेवायला नवखाच पाहिजे.

"पण तिथेच का झिजावं?" थोरलीने विचारलं.

साडू मीटरच्या तारा गुंडाळत होता. "आत काळ्या लेपाची पट्टी असते, तिच्यावर धातूचं बोट फिरतं. लोकांच्या गाडीत ते सगळीकडे फिरतं. या गाडीत..." तो थांबला. मग थांबणं जमलं नाही. "या गाडीत जो येतो तो त्याच जागी पाय ठेवून उभा राहतो. ठेव, दाबू नकोस. ठेव, दाबू नकोस. मास्तर, तुमच्या मऊ पायांनी खड्डा पाडला हो."

"आणि तू सगळी गाडी बदललीस, हीच डबी सोडून."

"दिवा लागला नाही ना!"

"तुझ्या डोक्यात लागतो का कधी?"

पण मास्तरांच्या आवाजात जोर नव्हता. त्यांना तो शिंपी दिसत होता, चष्मा पुसताना. त्याच्यामागे आणखी कोणकोण. त्यांनी कितीजणांना सांगितलं होतं की तुमचा पाय चोर आहे.

डबी सीलबंद असते, ती दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. साडूने फोन लावले. गाडी इतकी जुनी की डबी मागवावी लागणार, बुधवारच्या आधी नाही. भंगारवाल्याकडे नव्हती. डबीच्या तारा काढून इंजिन तसंच चालवून पाहिलं, तर ते उभ्या जागी गुरगुरायला लागलं. टेस्टला दोन्हीकडे पॅडलं असलेलीच गाडी लागते, आणि मास्तरांकडे ती एकच.

"टेस्ट पुढे ढकलू," मास्तर म्हणाले.

"पुढची तारीख महिन्याने मिळते. तोवर त्या गाडीत दुसरी बसलेली असेल," धाकटी म्हणाली. "भावोजी, खड्डा कुठे आहे ते आता कळलंय ना? मग मला ओलांडायला शिकवा."

"म्हणजे?"

"म्हणजे दाबायला शिकवा."

रविवार मास्तरांच्या आयुष्यातला फार वाईट दिवस होता. पाण्याच्या टाकीजवळच्या रिकाम्या चढावर त्यांनी धाकटीला बसवलं आणि जन्मात न उच्चारलेला शब्द उच्चारला.

"दाब."

"एवढं?"

"जास्त."

"एवढं?"

"अगं दाब म्हणजे दाब! विंचू आहे समज खाली!"

इंजिन ओरडलं, चाकांनी खडी उडवली, गाडीने उडी घेतली. मास्तरांचं डोकं छपराला लागलं. बंद मात्र पडली नाही. पुन्हा. पुन्हा ओरडणं, पुन्हा उडी. धाकटीचा पाय सवयीने मऊ व्हायचा आणि गाडी मरायची, आणि मास्तर चिडायचे की इतकी मऊ का होतेस. मग स्वतःचंच वाक्य ऐकून आणखी चिडायचे. एकदा तर ते गाडीतून उतरून टाकीच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. संध्याकाळपर्यंत धाकटी चढावरून हमखास निघायला लागली, दगड फेकल्यासारखी. मास्तर म्हणाले, "जमलं."

सोमवारी टेस्टच्या मैदानावर मास्तर भिंतीशी उभे राहिले. मैदान म्हणजे काँक्रीटचा पट्टा, रंगवलेल्या रेषा, आणि कोपऱ्यात मातीचा भराव घालून केलेला चढ. इन्स्पेक्टर जुनाच, पाठ दुखते म्हणून उशी घेऊन फिरणारा. तो उशी ठेवून गाडीत बसला. रेषा नीट झाल्या. मागे घेणं नीट झालं. मग चढ. गाडी मध्यावर थांबली, लाल दिवे लागले.

मास्तरांचा पाय बुटात खाली गेला.

इंजिन असं ओरडलं की रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. गाडी हिसका देऊन उठली, भरावाची माती मागे उडाली, आणि ती वर गेली, माथ्यावरून पलीकडे नाहीशी झाली. काही क्षण तिथे नुसता धूर होता. मग ती वळसा घालून परत आली, सावकाश, कुठेही न अडकता.

इन्स्पेक्टर एका हातात उशी घेऊन उतरला. दुसऱ्या हाताने पाठ धरली होती. त्याने मास्तरांना बोटाने बोलावलं. कागद बॉनेटवर होता, पेन उघडं, सही व्हायची होती.

"मास्तर, पास करायला हरकत नाही. सगळं नियमात आहे. पण हा पाय तुमचा?"

मास्तरांनी बॉनेटवरचा कागद सरळ केला.

"तुमच्याकडची माणसं मी डोळे मिटून ओळखायचो. पाठीला कळायचं. आणि ही बाई! रेसवर पाय ठेवते की धोंडा टाकते? गेल्या दोन्ही वेळी गाडी बंद पाडली, पण पाय तरी तुमचा वाटत होता. हल्ली असं शिकवता तुम्ही?"

सांगण्यासारखं एकच वाक्य होतं, आणि ते खरं होतं. आगपेटीएवढी डबी, तिच्यात एक झिजलेली जागा. ते सांगितलं की पाय पुन्हा मास्तरांचा होणार होता, आणि नादुरुस्त गाडीवर घेतलेली टेस्ट रद्द. पेन अजून उघडंच होतं. गाडीत धाकटी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होती, काचेतून काही ऐकू येत नसल्यासारखी.

"हो," मास्तर म्हणाले. "हल्ली असंच शिकवतो."

इन्स्पेक्टरने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं, वय झालेल्या माणसाकडे बघतात तसं. मग सही केली, उशी काखेत मारली आणि पुढच्या गाडीकडे गेला.

मास्तर येऊन बाजूच्या सीटवर बसले. दार ओढलं. ते एका ओढण्यात लागत नसे, पुन्हा ओढलं.

"काय म्हणाले?" धाकटीने विचारलं.

"पास."

"ते कळलं. एवढा वेळ काय बोलत होते?"

"म्हणाले, मास्तर कामातून गेला."

"आणि तुम्ही?"

"मी हो म्हणालो. चल, काढ गाडी. आणि दाब नीट, तो अजून इकडेच बघतोय."